जंगलातला मुक्काम आणि वाटाड्याचं ज्ञान



जांब समर्थला येऊन जंगलातल्या मुक्कामाचा इतिहास सांगायचा, हे काहींना विचित्र वाटेल. जालना जिल्ह्यात जंगल नावापुरतंच आहे. पण म्हणूनच हा विषय इथे घ्यावा असं आम्हाला वाटलं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की इथलीही कुटुंबं आता मेळघाटला, ताडोब्याला निघतात. दोन-तीन रात्री तंबूत मुक्काम, सकाळ-संध्याकाळ जिप्सीची फेरी, बरोबर गाईड. या सहलीत आपण पैसे कशाचे देतो, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, वाघाचे. आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. वाघ दिसेल न दिसेल. आपण तिथे जातो ते दुसऱ्या एका माणसाच्या ज्ञानावर विसंबून. त्या माणसाचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही.

आधी शब्द पाहू. 'सफारी' हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला. तिथे तो अरबीतल्या 'सफर'वरून गेला, आणि तोच 'सफर' फारसीच्या वाटेने मराठीत आला. 'मुक्काम'ही मूळचा अरबीच. म्हणजे शब्द आपल्याला परके नाहीत. पद्धत मात्र साहेबांच्या शिकारीच्या छावणीतून आली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये पूर्व आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा त्यांच्यामागे शेकडो हमाल चालत होते. आपल्याकडेही तसंच. कॅप्टन जेम्स फोर्सिथ १८६२ मध्ये सातपुड्यात पचमढीला आला. त्याचं मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचं पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झालं. असली शिकारीची पुस्तकं वाचताना एक गोष्ट लक्षात येते. बंदूक कुठली, वाघ किती फुटी, हे सगळं तपशिलात असतं. माग काढणारा मात्र बहुतेक वेळा नुसता 'एक गोंड' किंवा 'एक कोरकू' असतो.

आता राष्ट्रीय उद्यानांकडे येऊ. जगातलं पहिलं, अमेरिकेतलं यलोस्टोन, १८७२ चं. भारतातलं पहिलं १९३६ चं, म्हणजे आजचं कॉर्बेट. आपल्या महाराष्ट्रातलं पहिलं ताडोबा, १९५५ चं, सुमारे ११६ चौरस किलोमीटरचं. तेव्हा चांदा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. आज राज्यात ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली अशी सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत.

शिकार थांबली, हे फार चांगलं झालं. पण 'इथे माणूस राहत नाही तेच खरं जंगल' ही कल्पनाही याच वाटेने आली. टांझानियातलं सेरेंगेटी घ्या. १९५१ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९५९ मध्ये तिथल्या मसाई लोकांना आपली गुरं घेऊन बाहेर पडावं लागलं. आपल्याकडे मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावं हलली, ताडोब्यातलं बोटेझरी हललं. दोन्ही बाजू नीट सांगितल्या पाहिजेत. वाघाला निवांत जागा लागते. रस्ता, दवाखाना, शाळा हवी म्हणून बाहेर पडायला तयार झालेली कुटुंबंही होती. पण गाव हललं की देव, स्मशान, मोहाची झाडं मागे राहतात. ताडोबा हे नावच पाहा ना. तिथले लोक सांगतात, तारू नावाचा गोंड वीर वाघाशी झुंजताना मेला आणि तळ्याकाठी त्याचं ठाणं झालं. पौषात तिथे जत्रा भरायची. ज्याच्या देवाचं नाव उद्यानाला आहे, तो माणूस आज फाटकाशी गाईड म्हणून आपला नंबर लागायची वाट पाहतो.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा थोडं त्या अंगाने बोलू. न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गाईडचं काम पाहिलं तर चारही तिथे सापडतात. धुळीतलं पाऊल तो डोळ्यांनी पाहतो. भेकर भुंकलं, वानराने झाडावरून खाकरल्यासारखा आवाज दिला, की वाघ कुठल्या बाजूला आहे याचं अनुमान करतो. आपण त्याच्या शब्दावर गाडीत गप्प बसतो.

आणि उपमान? तर्कशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचं एकच उदाहरण पाठ असतं. गवय म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला ठाऊक नाही. कुणी एक अरण्यवासी त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. मग हा रानात जातो, गाईसारखा प्राणी पाहतो आणि ओळखतो, हाच तो गवय. आम्ही हे उदाहरण कित्येक वर्षं फळ्यावर लिहिलं. नीट पाहिलं तर ती एक मार्गदर्शकासह केलेली जंगलसफरच आहे! आणि तिथेही त्या अरण्यवासी माणसाला नाव नाही.

पण त्याच परंपरेत दुसरीही एक गोष्ट आहे. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारे वात्स्यायन विचारतात, विश्वास ठेवावा असा आप्त कोण? ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. आणि पुढे ते स्पष्ट म्हणतात की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. या न्यायाने मेळघाटातला कोरकू वाटाड्या पूर्ण अर्थाने आप्त ठरतो.

मराठीत हे मानणारा एक वनाधिकारी होऊन गेला. मारुती चितमपल्ली, १९३२ ते २०२५. नवेगावबांधला असताना तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून ते तळं, पाखरं, झाडं शिकले, आणि ते ऋण त्यांनी नावानिशी लिहून ठेवलं. इंग्रजी शिकारकथांशी ताडून पाहिलं की या एका गोष्टीचं मोल कळतं.

आजचे नियम थोडक्यात सांगतो. २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन चालतं. तंबूंचे मुक्काम बहुतेक बफरमध्ये, म्हणजे गावांच्या शिवारालगत असतात. पावसाळ्यात गाभा बंद असतो. उन्हाळ्यात साग, ऐन यांची पानं गळतात, पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरतं, म्हणून तेव्हा प्राणी दिसतात. बुद्धपौर्णिमेला वनखातं लोकांना पाणवठ्याशेजारी मचाणावर रात्रभर बसवतं. हालचाल नाही, बोलणं नाही. अशी एक रात्र दहा फेऱ्यांहून अधिक शिकवते. ताडोब्यात आता स्त्रियाही गाईड आहेत, हीदेखील चांगली गोष्ट.

याच गावी १६०८ मध्ये नारायण ठोसर जन्मले. परंपरा सांगते की बाराव्या वर्षी त्यांनी घर सोडलं, टाकळीला बारा वर्षं तप केलं आणि नंतर बारा वर्षं देश पायी पाहिला. ऐकीव ज्ञानापेक्षा प्रचितीला त्यांनी अधिक मानलं. गाईडजवळ असते ती जंगलाची प्रचिती. आपल्याजवळ, फार तर, फोटो.

तेव्हा या उन्हाळ्यात जाल तेव्हा 'वाघ दाखवा' हे पहिलं वाक्य नको. आधी नाव विचारा. गाव कुठलं, आणि ते आधी कुठे होतं, हेही विचारा. घरी परतल्यावर मुलांना सहलीचं वर्णन लिहायला सांगाल, त्यात ते नाव आलं पाहिजे. दीडशे वर्षांच्या पुस्तकांतली उणीव आपल्याला तेवढी तरी भरून काढता येईल.

आता प्रश्न असतील तर अवश्य विचारा.