फ्लेबोटॉमी टेक्निशियन व्हायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

बारावी सायन्स झाली, मेडिकलला नंबर लागला नाही, आता पुढे काय? जळगाव-धुळ्यातल्या अनेक घरांत हा प्रश्न असतो. रक्ताचे नमुने घेण्याचे काम, म्हणजेच फ्लेबोटॉमी, हा त्यातला एक मार्ग आहे. मुलींसाठी तर तो विशेष उपयोगाचा आहे. बुरखा-हिजाबातल्या पेशंटला बाही वर करायची असते, तेव्हा समोर स्त्री टेक्निशियन असली की संकोच राहत नाही.

काम नेमके काय?

पेशंटचे नाव व दुसरी एक ओळख विचारून खात्री करणे, शीर शोधणे, नमुना घेणे आणि पेशंटसमोरच ट्यूबवर लेबल लावणे. नमुना बहुधा कोपराच्या पुढच्या बाजूच्या शिरेतून घेतात. दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त ठेवत नाहीत. ट्यूबचाही क्रम ठरलेला असतो: आधी निळ्या झाकणाची, मग लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी आणि शेवटी राखाडी. जांभळ्या ट्यूबमधले औषध दुसऱ्या ट्यूबमध्ये गेले तर पोटॅशियम, कॅल्शियमचे आकडे चुकतात. रिपोर्ट चुकला की इलाजही चुकतो, म्हणून हे काम वरवर सोपे वाटले तरी जबाबदारीचे आहे.

खान्देशात त्याची गरजही आहे. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या तालुक्यांच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा आजार आढळतो. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्यात तपासणीची सुरुवात रक्ताच्या नमुन्यानेच होते.

शिकायचे कुठे?

मार्ग साधारण तीन आहेत.

१. बीपीएमटी: नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागते. तीन वर्षे शिक्षण आणि नंतर इंटर्नशिप.
२. डीएमएलटी: लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. रक्त घेणे आणि तपासणे, दोन्ही शिकवतात.
३. कौशल्य विकासाचा फ्लेबोटॉमीचा कोर्स: काही महिन्यांचा, मुख्यतः नमुना घेण्यापुरता.

पहिली चौकशी जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे करा. खाजगी संस्थांकडे त्यानंतर जा.

फी भरण्याआधी चार प्रश्न

• सर्टिफिकेट कोणत्या बोर्डाचे किंवा विद्यापीठाचे? मान्यतेचे पत्र डोळ्यांनी पाहा.
• या कोर्सवर महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? उत्तर लेखी घ्या.
• प्रात्यक्षिक कोणत्या हॉस्पिटलमध्ये? नुसत्या रबरी हातावर शिकून हात बसत नाही.
• फी परत मिळण्याचा नियम काय?

“कोर्स करा आणि स्वतःची लॅब टाका” असे कोणी सांगितले तर सावध राहा. रिपोर्टवर सही करण्याचा अधिकार पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर, नोंदणीकृत डॉक्टरांचाच, असे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. अब्बूंची साठवलेली रक्कम किंवा अम्मींचे दागिने अशा आमिषावर घालवू नका. पैशांची अडचण असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात शैक्षणिक कर्जाची चौकशी करा.

स्वतःची काळजी

काम सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस घ्या: पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाका. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका आणि लगेच सिव्हिलमध्ये दाखवा. एचआयव्ही टाळण्याची औषधे जितकी लवकर तितकी चांगली. ७२ तासांनंतर उपयोग नाही. लपवून ठेवू नका, यात नोकरीपेक्षा जीव मोठा.

काम सकाळी लवकर सुरू होते, कारण उपाशीपोटीचे नमुने तेव्हाच येतात. घरून ये-जा कशी होणार, हे आधीच ठरवा. मुलीला पाठवायचे असेल तर एकदा सोबत जाऊन लॅब पाहून या, मगच निर्णय घ्या.