चुकीची जागा शोधणारे गणित
संगणकातील माहिती बिघडण्याचा प्रश्न चुंबकीय तबकड्यांहून जुना आहे. १९४७ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचा रिले-संगणक, म्हणजे विद्युतचुंबकीय खटक्यांवर चालणारे यंत्र, शनिवार-रविवारी देखरेखीवाचून चाले आणि चूक आढळताच हातातले गणित अर्धवट टाकून पुढचे घेई, त्यामुळे गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांचे काम सोमवारी अपुरेच सापडे. यंत्राला चूक कळते, तर तिची जागा का कळू नये, या त्यांच्या अत्यंत रास्त प्रश्नातून १९५० साली प्रसिद्ध झालेली संकेतपद्धती जन्मली: माहितीच्या चार बिटांना, म्हणजे शून्य-एक या अंकांना, तीन तपासणी-बिटे, प्रत्येक बिट ठरावीक बिटांच्या एका गटासाठी, अशी जोडायची, की एकांच्या संख्येचा सम-विषम मेळ चुकलेल्या गटांवरून बिघडलेले नेमके बिट ओळखून दुरुस्त करता यावे. दोन बिटे एकदम बिघडली, तर मात्र ही मूळ पद्धत फसते.