गोडी छाटणी

इ. स. १३४२ च्या सुमारास दौलताबादेस आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानें तेथील द्राक्षांना वर्षांतून दोन वेळां फळ येतें, अशी नोंद केली आहे. थंड देशांत हिंवाळ्यांत द्राक्षवेल पानें गाळून झोपी जाते; तेथें ती वर्षांतून एकदां छाटली कीं पुरे. आपल्याकडे तिला तशी झोप लागतच नाहीं. छाटावी तेव्हां ती फुटते.

परंतु उन्हाळी छाटणीचें फळ ऐन पावसाळ्यांत पिकावयाचें. तें आंबट निघे, कुजूनहि जाई. म्हणून आपल्या बागाइतदारांनीं त्या पिकावर पाणी सोडलें. एप्रिलांतील 'खरड छाटणी' नव्या काड्यांसाठीं. त्यांच्या डोळ्यांतच पुढील घडांची तयारी होते. त्या काड्या ऑक्टोबरांत छाटल्या म्हणजे फेब्रुवारी-मार्चांत गोड द्राक्षें हातीं येतात. हीच 'गोडी छाटणी'.

पूर्वी नाशिककडे वेल पांगाऱ्यावर चढवीत. १९६० नंतर थॉम्सन सीडलेस ही बिनबियांची जात पसरली, मांडव आले. दोन छाटण्यांचा क्रम मात्र टिकला. दोन पिकें देणाऱ्या वेलीकडून एकच घ्यावयाचें, हा संयम ज्यांनीं शिकविला त्यांचीं नांवें इतिहासांत नाहींत. त्यांची गोडी मात्र आपण दरवर्षीं चाखतों.