पोरं समोरच होती

२०२० साली बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाचे पाठ मी स्वयंपाकघरात उभी राहून घेतले. साखरेच्या डब्याला टेकवलेला मोबाईल हाच वर्ग. आठवीची मुलं म्हणून समोर माझ्याच तुकडीतल्या सहा छात्राध्यापिका. विषय, प्रकाशाचे परावर्तन. एकीचंही उत्तर चुकलं नाही. सूक्ष्म अध्यापनात सोबतिणी सहा मिनिटांपुरत्या विद्यार्थिनी होतात, ते ठीक. पण ती पहिली पायरी. आमचा तिथेच मुक्काम पडला.

मी आप्पांकडे कुरकुर केली, "तुमचंही बी.एड. लांबूनच झालेलं ना?"

"पुस्तकं लांबून आली," ते म्हणाले. "पोरं समोरच होती."

आप्पांचं हे वाक्य लांबून होणाऱ्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासाला नेमकं लागू पडतं. १९६६ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथल्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांनी पत्राद्वारे बी.एड. सुरू केलं, ते प्रशिक्षण न घेताच शाळेत शिकवणाऱ्यांसाठी. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालयात वर्ग, एरवी टपालानं पाठ. १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगात सहा राज्यांतल्या खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोचली; तिच्यावरूनही प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण मिळालं. १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ निघालं, ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. त्याच्या बी.एड.लाही नोकरीतले शिक्षकच घेत. नव्वदच्या दशकात आप्पा तिथलेच. दिवसा शाळा, रात्री स्वाध्याय, सुट्टीत संपर्क सत्र. रात्री वाचलेलं सकाळी वर्गात करून बघायचं आणि फसलं तर तिथल्या तिथे कळायचं.

आप्पांची पाठ टाचणाची वही मी काढली. समासात पेन्सिलीनं शेरे: 'मागच्या बाकाला फळा दिसत नाही.' 'घाई झाली.' 'उद्या पुन्हा घेणे.' माझ्या टाचणात रकाने सगळे भरलेले, समास मात्र कोरा.

२०२१ च्या फेब्रुवारीत आठवीचे वर्ग थोडे भरू लागले. मी तोच पाठ घेतला. मास्क हनुवटीवर ओढून एक मुलगा म्हणाला, "बाई, आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मग डोकं खाली का नाही दिसत?"

सोबतिणींपैकी कुणी हे विचारलं नव्हतं. मलाही धड सांगता येईना. संध्याकाळी समासात पेन्सिलीनं लिहिलं: 'उद्या आरसा घेऊन जाणे.'