मोनेचं तळं आणि गावकऱ्यांचा विरोध

क्लोद मोनेची वॉटर लिलीची चित्रं आज कॅलेंडरपासून मोबाईलच्या कव्हरपर्यंत सगळीकडे दिसतात. पण ज्या तळ्यावरून ती काढली, त्या तळ्याला गावकऱ्यांनीच विरोध केला होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

१८८३ साली मोने फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावात भाड्याच्या घरात राहायला आला. स्वतःची दोन मुलं, सोबत आलिस ओशदे आणि तिची सहा मुलं, असं मोठं खटलं. चित्रांचे पैसे यायला लागल्यावर १८९० मध्ये त्याने ते घर विकत घेतलं. तीन वर्षांनी रेल्वे रुळांपलीकडची जमीन घेतली. जवळच्या ओढ्याचं पाणी वळवून तिथे तळं करायचं होतं. गावकरी म्हणाले, ही परदेशी झाडं पाणी खराब करतील! शेतकऱ्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. पाण्यावरच त्यांचं सगळं चालायचं. मोनेने जिल्ह्याच्या प्रशासनाकडे अर्ज केला : ही फुलं डोळ्यांच्या सुखासाठी आणि चित्र काढण्यासाठी आहेत. शेवटी परवानगी मिळाली.

म्हणजे आधी तळं, मग चित्र. स्वतःला काय रंगवायचंय ते त्याने आधी जमिनीत लावलं. शेजारच्या रस्त्याची धूळ फुलांवर बसते म्हणून त्या रस्त्यावर स्वखर्चाने डांबर टाकून घेतलं. पहिल्या महायुद्धातही घर सोडलं नाही. युद्ध थांबलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ ला, पंतप्रधान क्लेमान्सो या आपल्या मित्राला पत्र लिहून दोन चित्रं देशाला देऊ केली. दोनाची पुढे भिंतीच्या भिंती भरणारी मालिका झाली. मोने १९२६ मध्ये वारला आणि १९२७ मध्ये ती पॅरिसच्या ओरांजरीत लोकांसाठी खुली झाली.

चित्रांची सोय झाली. बागेचं काय? सून ब्लांश होती तोवर, १९४७ पर्यंत, तिने बाग सांभाळली. नंतर हाल सुरू झाले. १९६६ मध्ये मुलगा मिशेल गेला आणि मालमत्ता ललित कला अकादमीकडे आली, तरी १९७७ मध्ये दुरुस्ती हाती घेतली तेव्हा घराचे वासे कुजलेले होते. देणग्या जमवाव्या लागल्या, त्यातल्या बऱ्याच अमेरिकेतून आल्या. १९८० मध्ये दारं उघडली. आज तिथे दरवर्षी लाखो लोक जातात.

चित्र एकदा भिंतीवर लावलं की टिकतं. बागेला मात्र रोज सकाळी कुणीतरी हात लावावा लागतो. थोरामोठ्यांची घरं ‘स्मारक’ म्हणून जाहीर करताना एवढंच विचारावं : उद्या सकाळी तिथे पाणी कोण घालणार?