नळीतला पीळ आणि दारूचे माप

ठासणीच्या बंदुकीत दारू, गोळी आणि गोळीभोवतीची चिंधी ही सर्व नळीच्या तोंडातून आत सोडून गजाने ठासावी लागतात, आणि त्यामुळे अशा नळीच्या आत आटे पाडावयाचे झाल्यास ते किती फिरवावेत हा प्रश्न कारागिराइतकाच शिकाऱ्यालाही भिडत आला. आटे म्हणजे नळीच्या आतल्या अंगाला कोरलेल्या, मळसूत्राच्या वळणाने पुढे जाणाऱ्या खाचा. त्यांच्यात गुंतलेली गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते व आपली दिशा टिकवून धरते, आणि अशा नळीच्या बंदुकीलाच रायफल म्हणतात. ही खाच जितक्या लांबीत एक पूर्ण फेरा घेते तितका त्या नळीचा पीळ, म्हणजे २० इंचांत एक फेरा असल्यास पीळ जलद आणि १०० इंचांत एक फेरा असल्यास तो मंद. कोकणात शेतराखणीसाठी परवान्यावर बाळगल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकीची नळी बहुधा गुळगुळीत असल्याने तिच्या बाबतीत हा विचार उद्भवत नाही. ज्यांनी आटे असलेली ठासणीची रायफल घेऊन मोठ्या जनावरांची शिकार केली, त्यांच्या दृष्टीने मात्र पीळ आणि दारूचे माप यांचा मेळ हा शिकारीच्या यशाचा आणि कित्येकदा स्वतःच्या जिवाचाही प्रश्न होता.

सोळाव्या शतकात मध्य युरोपातील बंदूककार आटे पाडण्याची कला जाणत होते, परंतु फिरणारी गोळी सरळ का जाते याची शास्त्रीय चिकित्सा पुढे दोन शतकांनी झाली. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये तोफविद्येवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला व १७४७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आटे पाडलेल्या नळीवर निबंध वाचला. गुळगुळीत नळीतून निघणारी गोळी नळीच्या भिंतीला घासून कोणत्या तरी अनियमित दिशेने फिरू लागते आणि त्या फिरण्यामुळेच हवेत वाकडी जाते, हे त्याने प्रयोगांनी दाखवले. आट्यांचे काम त्या बेशिस्त फिरण्याच्या जागी प्रवासाच्या दिशेशी जुळणारे फिरणे देणे एवढेच आहे, असा त्यातून निष्कर्ष निघत होता. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यावर मरण पावला.

रॉबिन्सच्या सिद्धान्ताने पीळ का हवा ते सांगितले, किती हवा ते सांगितले नाही, आणि खरी अडचण तेथेच होती. शिशाची गोळी मऊ असते व ठासणीच्या रायफलीत ती आट्यांना थेट न धरता चरबी लावलेल्या कापडाच्या किंवा कमावलेल्या चामड्याच्या पातळ चिंधीमार्फत धरते. पीळ जलद ठेवून दारू वाढवली, तर स्फोटाचा धक्का गोळीला इतक्या झपाट्याने पुढे रेटतो की खाचांच्या वळणाबरोबर वळण्यास तिला अवसर उरत नाही. चिंधी फाटते, गोळी आट्यांवरून घसरत सरळ बाहेर पडते आणि गुळगुळीत नळीतल्या गोळीइतकीच बेभरवशाची होते. सेकंदाला १,५०० फूट वेगाने निघालेली गोळी ४८ इंची पिळातून आली तर सेकंदाला ३७५ फेरे घेते आणि १०४ इंची पिळातून आली तर १७३, म्हणजे पहिल्या नळीत चिंधीने सोसावयाचा ताण किती अधिक असेल याची कल्पना येते. जलद पिळाच्या रायफलीचा धनी यामुळे दारू कमी ठेवत असे, आणि दारू कमी म्हणजे गोळी मंद व तिचा मार्ग कमानीसारखा उंच.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी आणि पुढे सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंनी ४८ इंचांच्या आसपासचा पीळ वापरला व तो त्यांच्या लहान आणि मध्यम व्यासाच्या गोळ्यांना मानवला. लंडनचा एझेकिएल बेकर वेगळ्या वाटेने गेला. १८०० साली वुलिचच्या चाचणीत निवडल्या गेलेल्या त्याच्या लष्करी रायफलीची नळी ३० इंचांची होती आणि तिच्यात आटे केवळ पाव फेरा घेत होते, म्हणजे पूर्ण फेऱ्याला १२० इंच लागले असते. इतक्या मंद पिळाने गोळी ठासणे सोपे जाते व नळी कमी मळते, हे बेकरने अनुभवाने ओळखले होते. त्याचा धडा ब्रिटिश सैन्याने पुढे टिकवला नाही, कारण १८३० नंतरच्या दशकात आलेल्या ब्रन्सविक रायफलीत ३० इंचांत पूर्ण फेरा घेणाऱ्या दोन खोल खाचा आणि त्यांत बसणारी पट्टेदार गोळी होती, आणि काही बार झाल्यावर ती ठासणे हे शिपायांना कष्टाचे काम होऊन बसले.

शतकाच्या मध्यावर लांबट गोळी आली आणि पिळाचा हिशेबच बदलला. वाटोळ्या गोळीला पुढचे टोक नसते, त्यामुळे ती हवेत कोलमडण्याचा प्रश्न येत नाही व थोडे फिरणेही तिला पुरते. लांबट गोळीला मात्र समोरची हवा उलटवू पाहते आणि ती जितकी लांब तितके तिला जास्त वेगाने फिरवावे लागते. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीत ०.५७७ इंच व्यासाच्या नळीला ७८ इंचांचा पीळ होता, तर जोसेफ व्हिटवर्थच्या षट्कोनी नळीत व्यास ०.४५१ इंच आणि पीळ २० इंच होता. दोन्हींच्या गोळीचे वजन ५३० ग्रेन व दारू सुमारे ७० ग्रेन. एक ग्रेन म्हणजे जवळपास ६५ मिलिग्रॅम. तेच शिसे बारीक व्यासात ओतल्याने गोळी लांबली, लांबल्याने पीळ जलद झाला, आणि १८५७ च्या चाचण्यांत लांब पल्ल्यावर व्हिटवर्थने एन्फिल्डला स्पष्टपणे मागे टाकले. या यशाचा प्रभाव इतका पडला की चांदमारीच्या मैदानावर जे सरस तेच रानातही सरस, असे बहुतेकांनी गृहीत धरले.

या समजुतीला सर्वांत समर्थ उत्तर सातपुड्याच्या जंगलांतून मिळाले. बेंगॉल स्टाफ कोअरमधील अधिकारी जेम्स फोर्सिथ हा, नागपूर राजधानी असलेल्या आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात नेमणुकीवर होता. पचमढीच्या डोंगरांत व निमाडात त्याने दीर्घकाळ काम केले. शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवरचा त्याचा ग्रंथ १८६३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्याचा युक्तिवाद रानातल्या वस्तुस्थितीतून निघतो, आणि हेच त्याचे बळ आहे. साग, साल आणि बांबूच्या गर्दीत गवा, सांबर किंवा वाघ दिसतो तो बहुधा दीडशे यार्डांच्या आत, क्षणभर, आणि किती अंतरावर याचा अंदाज करण्यास सवड न देता. नेमपट्टीचे पान उचलून अंतर लावण्याची सोय चांदमारीत असते, हाक्यात नसते. अशा वेळी गोळीचा मार्ग जितका सपाट तितकी अंतराची चूक पोटात घातली जाते. सेकंदाला १,५०० फूट वेगाने निघालेली वाटोळी गोळी आणि हजार फुटांच्या आतबाहेर वेगाची लांबट गोळी यांची तुलना केल्यास, ढोबळ हिशेबाने पहिल्या १०० यार्डांत वाटोळीची घसरण दुसरीच्या निम्म्याच्या आसपास भरते.

फोर्सिथने या हेतूसाठी १४ बोअरची नळी पसंत केली. बोअर म्हणजे एक पौंड शिशातून नळीच्या व्यासाच्या जितक्या वाटोळ्या गोळ्या होतात ती संख्या, तेव्हा १४ बोअरची गोळी ५०० ग्रेन वजनाची व सुमारे ०.६९ इंच व्यासाची होते. तिच्याखाली पाच ड्रॅम, म्हणजे जवळपास १३७ ग्रेन दारू घालावी आणि ती घालूनही गोळी आटे सोडू नये म्हणून पीळ ८ फूट ८ इंचांत, म्हणजे १०४ इंचांत एक फेरा इतका मंद ठेवावा, असे त्याचे सांगणे होते. येथे पीळ दारूचे माप ठरवत नाही. शिकारीला लागणारा वेग दारू ठरवतो, आणि पीळ त्या दारूला अडथळा न होण्याइतका सैल केला जातो. विचाराची ही उलटी दिशाच फोर्सिथचे खरे कर्तृत्व आहे, व बेकरने हाताच्या अनुभवाने गाठलेल्या मंद पिळाला तिने कारणमीमांसा दिली. त्याच्या मताला मर्यादाही होती, कारण वाटोळी गोळी हवेत वेग फार लवकर गमावते आणि पल्ला दीडशे यार्डांच्या बराच पुढे गेला की लांबट गोळी तिला मागे टाकते. डोंगराच्या एका धारेवरून दुसऱ्या धारेवर नेम धरणाऱ्याच्या ही रायफल उपयोगाची नव्हती.

या मापांची एक विलक्षण जुळणी पुढे दिसून येते. वुलिचचे गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये लांबट गोळ्यांसाठी असा नियम दिला की गोळीची लांबी व्यासाच्या जितक्या पट असेल तिने १५० ला भागावे, म्हणजे पीळ किती व्यासांत एक फेरा असावा ते मिळते. व्यासाच्या तिप्पट लांबीच्या ०.४५ इंची गोळीला या नियमाने साडेबावीस इंचांचा पीळ येतो व तो व्हिटवर्थच्या २० इंचांच्या जवळ आहे. वाटोळ्या गोळीची लांबी आणि व्यास एकच मानल्यास १५० व्यास, अर्थात १४ बोअरसाठी जवळजवळ १०४ इंच येतात, आणि फोर्सिथचा आकडा नेमका तोच आहे. ग्रीनहिल यांचा नियम वाटोळ्या गोळीसाठी नव्हता, त्यामुळे या मेळाला पुरावा म्हणता येत नाही. तरीही सोळा वर्षे आधी बार काढून पाहून ठरवलेले माप गणिताच्या इतके जवळ पडावे, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

फोर्सिथ १८७१ मध्ये मरण पावला. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचा त्याचा अधिक परिचित ग्रंथही त्याच साली प्रसिद्ध झाला. तोवर मागून भरावयाच्या काडतुसी रायफली शिकाऱ्यांच्या हाती येऊ लागल्या होत्या, आणि गोळी आट्यांत आधीपासून घट्ट बसवण्याची सोय झाल्यावर चिंधी फाटण्याचा प्रश्न मावळला. ठासणीच्या रायफलीची हौस विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पुन्हा वाढली तेव्हा मात्र तो जसाच्या तसा परत आला: वाटोळी व लांबट अशा दोन्ही गोळ्या चालाव्यात म्हणून कारखान्यांनी ४८ इंचांचा मध्यम पीळ दिला, केवळ लांबट गोळीसाठी २८ इंचांच्या आसपासचा, केवळ वाटोळ्या गोळीसाठी ६६ ते ७० इंचांचा, आणि मोठ्या व्यासाच्या नळीत भरपूर दारू जाळू इच्छिणाऱ्यांसाठी काही नळीकार १०४ इंचांचा पीळ पाडू लागले, जो त्या वर्तुळात आजही फोर्सिथच्याच नावाने ओळखला जातो.