मेडशीच्या वाटेवरील समूहगान

समूहगान ही पाश्चात्त्यांची कला, आमच्या संगीतात तिला स्थान नाही, असे विधान आमचे रसिक वारंवार करितात. बैठकीच्या गाण्यापुरतेच संगीत मानावयाचे, तर ते खोटे नव्हे. परंतु आषाढीपूर्वी पातूरहून घाटाने मेडशीकडे येणारी दिंडी ज्याने ऐकली आहे, त्यास ते पटणे कठीण.

शेगावच्या श्री गजानन महाराजांची पायी पालखी १९६८ साली सुरू झाली. अकोला जिल्हा सोडून ती वाशीम जिल्ह्यात शिरते, ती मेडशीच्या बाजूने. सुमारे ७०० वारकऱ्यांत २५० च्या आसपास टाळकरी असतात. एवढे कंठ महिनाभर चालत एका सुरात गातात, हे केवळ भक्तीच्या भराने घडत नाही. त्यामागे शतकांची शिस्त आहे.

नामदेवांनी कीर्तनाला लोकांत आणिले. १६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी पादुकांची पालखी काढून वारीस मिरवणुकीचे रूप दिले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या सोहळ्यात दिंड्यांचा आणि भजनाचा क्रम लावून दिला. पहाटे काकडा, मग रूपाचे अभंग, सायंकाळी हरिपाठ, अशी दिवसाची वाटणी वारकऱ्यास पाठ असते. अग्रणी गायकाने चरण उचलावा, टाळकऱ्यांनी ध्रुपद झेलावे, मृदंगाने लय चढवावी आणि पावलाने ती राखावी, अशी ही रचना आहे.

युरोपातील गायकवृंदात उंच-नीच स्वरांचे निरनिराळे गट एकाच वेळी निरनिराळ्या स्वरपंक्ती गातात. त्यांच्या मेळातून सौंदर्य उपजते. आमच्या दिंडीत स्वरपंक्ती एकच. तिचे वैचित्र्य चाल, लय आणि आलटूनपालटून गाण्यात आहे. शिवाय तेथे श्रोता निराळा बसत नाही. रस्त्याकडेचा मनुष्यही ध्रुपदात मिसळू शकतो.

२०२० व २०२१ साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. त्याच काळी जगभरचे गायकवृंद घरोघरी विखुरले आणि संगणकाच्या पडद्यावर एकत्र आले. ही युक्ती नवी नव्हती. २०१० साली एरिक व्हिटेकर या अमेरिकी संगीतकाराने १२ देशांतील १८५ गायकांचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण जोडून एक गान सिद्ध केले होते. पडद्यावर आवाज किंचित उशिरा पोहोचतो, म्हणून प्रत्येकास एकट्याने गाऊन ठेवावे लागते. जोडणी मागाहून होते. व्हिटेकरांच्या गानास हे मानवले. दिंडीस मात्र ते मानवणार नाही. शेजाऱ्याचा टाळ कानी पडल्यावाचून पुढचा टाळ वाजत नाही.

तथापि यंत्राचा तिरस्कार करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. अभंगांचे शब्द गाथांतून छापले गेले. चाली बव्हंशी कंठातच राहिल्या. तरुण टाळकरी त्या पुस्तकातून नव्हे, जुन्याच्या शेजारी चालून शिकतो. सलग दोन वर्षे ते शेजारपण तुटले, ही हानी लहान नव्हे. २०२२ साली पालखी पुन्हा पायी निघाली. आता या वाटेवरील चाली, गाणाऱ्या वृद्धांच्या संमतीने, दिंडी चालत असतानाच मुद्रित करून ठेवाव्यात. त्या ऐकून कोणी वारकरी होईल असे नव्हे. पण पुन्हा कधी वाट बंद पडलीच, तर ध्रुपद कोठून उचलावे हे पुढच्यास कळेल.